कावीळ, नझूल आणि खाटा : दिल्लीतील आरोग्यधोरणाचा भूमि-इतिहास (१९५५–२०१८)

१. प्रास्ताविक

सार्वजनिक आरोग्याचा इतिहास बहुधा रोग, वैद्यक आणि रुग्णालये या तीन अंगांनी लिहिला जातो. मराठी वाचकाच्या मनात या इतिहासाचे ठळक चित्र आहे ते पुण्यातील प्लेगचे. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा संमत झाला, त्याच्या आधाराने घरोघर तपासण्या झाल्या, आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या प्रसंगात शासनाचा निर्णय सैनिकाच्या रूपाने माजघरापर्यंत आला होता. त्यामुळे तो दिसला, त्याचा संताप आला, आणि त्याची नोंद वृत्तपत्रांपासून आत्मचरित्रांपर्यंत सर्वत्र झाली.

शासनाचे सर्वच निर्णय मात्र असे उघडपणे घरात शिरत नाहीत. काही निर्णय पाण्याच्या नळातून येतात, काही नगररचनेच्या नकाशातून, तर काही भाडेपट्ट्याच्या एखाद्या कलमातून. त्यांचे परिणाम तितकेच गंभीर असतात. परंतु निर्णय आणि परिणाम यांच्यात इतके अंतर पडते की दोहोंचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही. स्वातंत्र्योत्तर दिल्ली हे अशा निर्णयांचे एक महत्त्वाचे उदाहरण आहे. १९५५-५६ ची काविळीची साथ, त्यानंतर उभी राहिलेली नगरनियोजनाची यंत्रणा, त्या यंत्रणेच्या ताब्यात आलेली जमीन, त्या जमिनीवर उभी राहिलेली खाजगी रुग्णालये आणि त्या रुग्णालयांतील गरिबांसाठी राखीव खाटांचा न्यायालयीन वाद हे सारे सामान्यतः निरनिराळे विषय मानले जातात. वस्तुतः ती एकाच साखळीची कडी आहेत. प्रस्तुत निबंधात या साखळीचा कालक्रमाने विचार केला आहे.

२. भोर समितीचा वारसा

या इतिहासाची वैचारिक पूर्वपीठिका भोर समितीच्या अहवालात आहे. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे मूळचे नाशिकचे. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले होते. १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणाही व्यक्तीला योग्य वैद्यकीय सेवेस मुकावे लागू नये, हे तत्त्व या अहवालाने देशाच्या आरोग्यव्यवस्थेच्या पायाशी ठेवले. हे तत्त्व पुढे वारंवार उद्धृत झाले. अहवालाचा दुसरा आग्रह त्यामानाने विस्मृतीत गेला. शुद्ध पाणी, मैल्याचा निचरा, घरबांधणी आणि नगररचना हे आरोग्याच्या बाहेरचे विषय नाहीत. ते आरोग्याचेच अंग आहे, असे समितीने मानले होते.

या दुसऱ्या आग्रहाला स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात प्रशासकीय रूपही लाभले होते. १९४७ ते १९५७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री असलेल्या राजकुमारी अमृत कौर यांच्या मंत्रालयाकडे वैद्यकीय सेवांबरोबर स्थानिक स्वराज्य आणि नगरनियोजन हेही विषय होते. रुग्णालय, गटार आणि नगराचा नकाशा यांचा विचार एकाच छताखाली होत असे. ही बाब लहान वाटली तरी पुढील विवेचनात ती निर्णायक ठरते.

याच काळात दिल्लीवर फाळणीचे ओझे पडले. १९४१ च्या जनगणनेत सुमारे ९ लाख १८ हजार असलेली दिल्लीची लोकसंख्या १९५१ मध्ये १७ लाख ४४ हजारांवर गेली. पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांची संख्या पाच लाखांच्या घरात होती. त्यांच्यासाठी वसाहती उभ्या राहिल्या. परंतु पाणी आणि मलनिःसारण यांची व्यवस्था त्या वेगाने वाढू शकली नाही. शहराचा कारभारही एका हाती नव्हता. जुन्या दिल्लीची नगरपालिका वेगळी, नवी दिल्लीची वेगळी, इतर लहानमोठ्या समित्या वेगळ्या, आणि पाणी व मैला यांसाठी एक स्वतंत्र संयुक्त मंडळ. त्यावर 'क' दर्जाच्या दिल्ली राज्याचे सरकार आणि त्याहीवर केंद्र. दिल्ली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चौकशीसाठी घनश्यामदास बिर्ला यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५१ मध्येच एका मध्यवर्ती नियोजन-प्राधिकरणाची शिफारस केली होती. ती चार वर्षे तशीच पडून राहिली.

३. १९५५ : नदी, नाला आणि नळ

दिल्लीला होणाऱ्या पाणीपुरवठ्याचा मोठा भाग वजीराबाद येथे यमुनेतून उचलल्या जाणाऱ्या पाण्याचा होता. शहरातील सांडपाणी वाहून आणणारा नजफगढ नाला याच ठिकाणापासून थोड्या अंतरावर, प्रवाहाच्या खालच्या बाजूस, यमुनेला मिळत असे. पाणी वर उचलायचे आणि घाण खाली सोडायची, हा हिशेब नदी आपला प्रवाह बदलणार नाही या गृहीतावर उभा होता. १९५५ च्या पावसाळ्यातील पुरानंतर ते गृहीत ढासळले. यमुनेचे पात्र सरकले, उपसा-केंद्राजवळचा प्रवाह क्षीण झाला आणि नाल्याचे पाणी उलट दिशेने उपशाच्या ठिकाणी येऊ लागले. नोव्हेंबरमध्ये सुमारे आठवडाभर शहराला मिळणाऱ्या कच्च्या पाण्यात सांडपाण्याचे प्रमाण मोठे होते.

जलशुद्धीकरण केंद्रातील कर्मचाऱ्यांना हे कळले नाही असे नाही. त्यांनी तुरटीचे आणि क्लोरिनचे प्रमाण वाढविले. या उपायाला यशही आले. दूषित पाण्यामुळे पसरणाऱ्या विषमज्वरासारख्या जिवाणुजन्य रोगांत त्या काळात लक्षणीय वाढ झाली नाही. त्या वेळची पाण्याच्या शुद्धतेची कसोटी जिवाणूंची होती, आणि पाणी त्या कसोटीस उतरले. विषाणूंची कसोटी अस्तित्वात नव्हती. गढूळ आणि सेंद्रिय द्रव्यांनी भरलेल्या पाण्यात क्लोरिनची मात्रा विषाणूला निष्प्रभ करण्यास अपुरी पडली. डिसेंबरच्या आरंभापासून शहरात काविळीचे रुग्ण दिसू लागले आणि जानेवारी १९५६ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत साथ चालू राहिली. पाणी दूषित होणे आणि माणसे पिवळी पडणे यांच्यात काही आठवड्यांचे अंतर होते. रोगाच्या सुप्तावस्थेचा हा काळ. नळाचे पाणी पुन्हा निर्धोक झाल्यावर रुग्णालये भरू लागली.

या साथीचा विस्तृत अभ्यास दिल्लीतील वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक डॉ. आर. विश्वनाथन यांनी केला आणि तो १९५७ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'च्या पुरवणीत प्रसिद्ध झाला. पाहणीच्या आधारे त्यांनी बांधलेल्या अंदाजानुसार प्रत्यक्ष कावीळ झालेल्या रुग्णांची संख्या सुमारे २९,३०० होती. रोगाचा भर लहान मुलांपेक्षा तरुण प्रौढांवर होता. सर्वांत दुःखद नोंद गर्भवती स्त्रियांची होती. इतर रुग्ण बहुतांशी बरे होत असताना गर्भवतींमधील मृत्यूचे प्रमाण मात्र कितीतरी अधिक होते.

या नोंदीचा अर्थ उलगडण्यास पाव शतक लागले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने दिल्लीच्या साथीतील रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तजल तपासले गेले, आणि तो आजार ज्ञात 'अ' वा 'ब' प्रकारचा नव्हता असे निष्पन्न झाले. काश्मीर खोऱ्यातील १९७८ च्या साथीचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांचे निरीक्षणही त्याच वर्षी पुढे आले. १९८३ मध्ये मॉस्कोत बालायान यांनी या विषाणूचे कण दाखवून दिले, आणि आज तो 'हिपॅटायटिस ई' या नावाने ओळखला जातो. वैद्यकाच्या इतिहासात दिल्लीची साथ या रोगाची पहिली सुसंघटितपणे अभ्यासलेली मोठी साथ म्हणून स्थिरावली. प्रशासनाच्या इतिहासातील तिचे स्थान मात्र अद्याप पुरेसे स्पष्ट झालेले नाही.

४. साथीतून नियोजनाकडे

राजधानीचे पिण्याचे पाणी दूषित व्हावे आणि त्याचा फटका वसाहत, वर्ग, हुद्दा न पाहता सर्वांना बसावा, ही घटना नव्या राष्ट्राच्या प्रतिष्ठेला धक्का देणारी होती. साथीमुळे सर्व निर्णय झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. बिर्ला समितीच्या शिफारशी आधीपासून होत्या, आणि नगरनियोजन संघटना व बांधकाम-नियंत्रणाचे तात्पुरते प्राधिकरण यांची सुरुवात १९५५ मध्येच झाली होती. परंतु जे कागदावर रेंगाळत होते त्याला तातडी दिली ती या साथीने. विखुरलेल्या अधिकारांची किंमत काय असते, हे आता आकड्यांत दिसले होते.

पुढील सहा-सात वर्षांतील घटनाक्रम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १९५६ मध्ये आरोग्य मंत्रालयाच्या नगरनियोजन संघटनेने दिल्लीचा अंतरिम आराखडा तयार केला. फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने आल्बर्ट मायर यांच्या नेतृत्वाखालील तज्ज्ञांचे पथक आले. ३० डिसेंबर १९५७ रोजी दिल्ली विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. ७ एप्रिल १९५८ रोजी दिल्ली महानगरपालिकेची स्थापना झाली आणि पाणी व मैल्याचे संयुक्त मंडळ तिच्यात विलीन झाले. वजीराबाद येथे यमुनेवर बंधारा बांधण्यात आला. त्यामुळे उपशाचे ठिकाण आणि नाल्याचे मुख यांच्यात पक्का अडसर उभा राहिला. १ सप्टेंबर १९६२ पासून दिल्लीचा बृहद् आराखडा अमलात आला.

याच क्रमात आणखी एका घटनेची नोंद आवश्यक आहे. साथ ओसरल्यानंतर महिनाभरातच, १८ फेब्रुवारी १९५६ रोजी, राजकुमारी अमृत कौर यांनी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे विधेयक लोकसभेत मांडले. या संस्थेची कल्पना भोर समितीची, आणि तिच्या उभारणीस कोलंबो योजनेखाली न्यूझीलंडचे साहाय्य लाभलेले. तिचा साथीशी थेट संबंध नाही. तरीही एकाच मंत्रालयाने एकाच वर्षी हाताळलेली ही दोन कामे आरोग्यधोरणाच्या दोन वाटा दाखवतात. एक वाट रोग होऊ नये म्हणून शहर सुधारण्याची. दुसरी रोग झाल्यावर उत्तम उपचार देण्याची. आरंभी या दोन्ही वाटा एकाच दारातून निघत होत्या. पुढे नगरनियोजनाचा विषय आरोग्य मंत्रालयाकडून बांधकाम व गृहनिर्माणाच्या मंत्रालयाकडे गेला, आणि वाटा फाकल्या. आरोग्यासाठी जन्मलेल्या प्राधिकरणाचे पालकत्व बदलले.

५. नझूल : जमिनीचे धोरण हेच आरोग्याचे धोरण

बृहद् आराखडा राबवायचा तर जमीन शासनाच्या हाती हवी, या विचाराने नोव्हेंबर १९५९ मध्ये सुमारे ३४ हजार एकर जमिनीच्या संपादनाची अधिसूचना निघाली. मे १९६१ मध्ये जमिनीच्या मोठ्या प्रमाणावरील संपादन, विकास आणि विनियोगाची योजना जाहीर झाली. जमिनीची सट्टेबाजी थांबावी, वाढीव मूल्य समाजाच्या उपयोगी यावे आणि गरिबांना परवडेल अशा दराने जागा मिळावी, अशी त्यामागील भूमिका होती. दिल्ली विकास प्राधिकरण त्यामुळे राजधानीतील सर्वांत मोठे जमीनदार बनले.

या जमिनींना कायद्याच्या भाषेत 'नझूल' म्हणतात. अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द नागपूर-विदर्भातील वाचकांना जमिनीच्या कागदपत्रांतून परिचित आहे. शासनाकडे आलेली, शासनाने धारण केलेली जमीन असा त्याचा व्यवहारातील अर्थ. १९८१ च्या नझूल जमीन नियमांनी शाळा, रुग्णालये, दवाखाने यांसारख्या सामाजिक व धर्मादाय संस्थांना केंद्र शासनाने ठरविलेल्या सवलतीच्या दराने जमीन देण्याची पद्धत नियमबद्ध केली. संस्था नोंदणीकृत असावी आणि तिचा हेतू नफ्याचा नसावा, अशी अट होती. रुग्णालयांच्या बाबतीत वाटपपत्रात वा भाडेपट्ट्यात बहुधा आणखी एक अट असे : खाटांचा आणि बाह्यरुग्ण सेवेचा ठरावीक हिस्सा गरिबांना विनामूल्य द्यावा. हे प्रमाण प्रत्येक ठिकाणी सारखे नव्हते. कोठे खाटांच्या पाव हिश्श्याची अट, कोठे त्याहून अधिक, तर काही जुन्या भाडेपट्ट्यांत अशी अटच नव्हती.

या व्यवहारामागील तर्क समजण्यासारखा आहे. शासनाकडे रुग्णालये बांधण्यास पुरेसा पैसा नव्हता. जमीन मात्र होती. बाजारभावाहून कितीतरी कमी दराने ती जमीन देऊन त्या बदल्यात गरिबांसाठी कायमच्या खाटा मिळवणे, हा एक प्रकारे आगाऊ भरलेला उपचारखर्चच होता. तो जनतेने भरला होता. प्रश्न एवढाच होता की त्या बदल्यातील सेवा वसूल कोण करणार.

१९८८ हे वर्ष या संदर्भात विशेष बोलके आहे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात यमुनापारच्या भागात पटकीची साथ उसळली. आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ दरम्यान, दिल्लीच्या मध्यवर्ती भागातील झोपड्या हटवून लक्षावधी लोकांना शहराच्या कडेला पुनर्वसन-वसाहतींत हलविण्यात आले होते. हे काम मुख्यतः दिल्ली विकास प्राधिकरणानेच केले. दशक उलटले तरी यांपैकी अनेक वसाहतींत मलनिःसारणाची व्यवस्था नव्हती, आणि रहिवासी उथळ हातपंपांचे पाणी पीत होते. जमिनीत मुरणारी घाण आणि हातपंपाचे पाणी यांची गाठ पडली. दूषित पाण्याच्या साथीने ज्या प्राधिकरणाच्या स्थापनेस तातडी दिली, त्याच प्राधिकरणाने वसविलेल्या वस्त्यांत तेहतीस वर्षांनी दूषित पाण्याचीच साथ आली.

त्याच १९८८ मध्ये दिल्ली प्रशासनाने एका मोठ्या खाजगी रुग्णालयसमूहाशी संयुक्त प्रकल्पाचा करार केला. त्यातून पुढे इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालय उभे राहिले. पंधरा एकर जमीन नाममात्र एक रुपया भाड्याने देण्यात आली. प्रशासनाचा २६ टक्के भागही त्यात होता. बदल्यात ६०० पैकी एक-तृतीयांश, म्हणजे २०० खाटा, आणि बाह्यरुग्ण सेवेचा ४० टक्के हिस्सा गरिबांसाठी विनामूल्य ठेवायचा होता. एका बाजूस गटार नसलेल्या वसाहती आणि दुसऱ्या बाजूस अद्ययावत रुग्णालयासाठी भूमी, हे दोन्ही एकाच प्रशासनाच्या एकाच वर्षाच्या दप्तरात आढळते. १९५६ मध्ये एकाच दारातून निघालेल्या दोन वाटा तोवर किती दुरावल्या होत्या, हे यावरून लक्षात येते.

६. 'मोफत' या शब्दाचा अर्थ

धोरणाचा इतिहास हा पुष्कळदा शब्दांच्या अर्थाचा इतिहास असतो. 'मोफत खाट' या शब्दप्रयोगात नेमके काय मोफत? लोखंडी पलंग आणि त्यावरील गादी, की त्या पलंगावर झोपलेल्या माणसाचा उपचार? वरवर हास्यास्पद वाटणारा हा प्रश्न दिल्लीत दीर्घकाळ गांभीर्याने वादविषय झाला. खाट, परिचर्या आणि डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य. औषधे आणि उपचारातील साहित्य मात्र रुग्णाने आणावे, असा अर्थ रुग्णालयांच्या बाजूने लावला जात असे. हृदयविकार वा कर्करोग यांच्या उपचारात खर्चाचा मोठा भाग नेमका औषधे आणि साहित्य यांचाच असतो. त्यामुळे शब्दाचा असा संकोच झाला की खाट रिकामी राहते. आणि रिकाम्या खाटेकडे बोट दाखवून गरीब रुग्णच येत नाहीत, असेही म्हणता येते.

जून २००० मध्ये दिल्ली सरकारने न्यायमूर्ती ए. एस. कुरेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २००१ मधील तिच्या अहवालातून अटींचे पालन किती तुटपुंजे आहे हे पुढे आले. सर्व रुग्णालयांना सारखी अट लावावी : आंतररुग्ण खाटांपैकी १० टक्के आणि बाह्यरुग्णांपैकी २५ टक्के विनामूल्य, अशी शिफारस समितीने केली. मूळच्या अनेक भाडेपट्ट्यांतील प्रमाणाशी तुलना करता ही अट सौम्य होती. ती अमलात यावी यासाठी 'सोशल ज्युरिस्ट' या वकिलांच्या संस्थेच्या वतीने अशोक अग्रवाल यांनी २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली.

२२ मार्च २००७ च्या निर्णयात उच्च न्यायालयाने हे प्रमाण बंधनकारक ठरविले आणि 'मोफत' या शब्दाचा अर्थही स्पष्ट केला. खाट, औषधे, तपासण्या, शस्त्रक्रिया, परिचर्या आणि साहित्य या सर्वांसह उपचार विनामूल्य, असा तो अर्थ होता. शासकीय रुग्णालयांतून रुग्ण पाठविण्याची व्यवस्था आणि देखरेखीची यंत्रणाही सांगितली गेली. २२ सप्टेंबर २००९ रोजी अपोलोच्या प्रकरणातही औषधे व साहित्य यांचा समावेश 'मोफत' या शब्दात होतो, असाच निर्वाळा देण्यात आला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या निर्णयाविरुद्धची अपिले फेटाळली.

उरला होता तो जुन्या भाडेपट्ट्यांचा प्रश्न. ज्या कागदात गरिबांच्या खाटांची अट मुळातच नव्हती, तेथे ती नंतर लादता येईल काय? केंद्राच्या भूमि व विकास कार्यालयाने २०१२ मध्ये तशी अट लागू करणारा आदेश काढला; २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला; आणि ९ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. जनतेची जमीन सवलतीने घेतलेल्या संस्थेवर जनतेच्या आरोग्याचे उत्तरदायित्व येते, मग तसे कलम लिहिलेले असो वा नसो, हा या निर्णयाचा आशय. १९६१ च्या भूमिधोरणात अभिप्रेत असलेले तत्त्व त्या धोरणानंतर सत्तावन्न वर्षांनी निःसंदिग्धपणे उच्चारले गेले.

७. उत्तरदायित्वाची पोकळी

एवढा विलंब का झाला? केवळ रुग्णालयांची नफेखोरी वा अधिकाऱ्यांची उदासीनता एवढे उत्तर पुरेसे नाही. कारण रचनेत आहे. १९९१ च्या एकोणसत्तराव्या घटनादुरुस्तीने दिल्लीला विधानसभा मिळाली. परंतु सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे तीन विषय केंद्राकडेच राहिले. आरोग्य दिल्ली सरकारकडे, जमीन केंद्राकडे. गरिबांच्या खाटांची अट ही जमिनीच्या कागदातील आरोग्याची अट होती. जमीन देणाऱ्या कार्यालयाला रुग्णांशी कर्तव्य नव्हते. रुग्णांची जबाबदारी असलेल्या खात्याला भाडेपट्टा रद्द करण्याचा अधिकार नव्हता. अट दोन खात्यांच्या मधल्या पोकळीत पडली. भोर समितीने आणि पहिल्या आरोग्य मंत्रालयाने एकत्र ठेवलेल्या विषयांची फारकत झाल्याचा हा थेट परिणाम होता.

महाराष्ट्राशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे १९८५ मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात कलम ४१-कक समाविष्ट झाले. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवाव्यात, अशी ती तरतूद होती. येथे आधार जमिनीचा नाही, तर संस्थेच्या 'धर्मादाय' या दर्जाचा आहे. आणि देखरेखीसाठी धर्मादाय आयुक्त हे एक निश्चित पद आहे. तरीही पहिली दोन दशके अंमलबजावणी क्षीणच राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली, तेव्हा रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करणे, उत्पन्नाच्या मर्यादा ठरविणे यांसारखे तपशील निश्चित झाले. म्हणजे एकच अधिकारी असूनही न्यायालयाची गरज पडली. परंतु पुढील अंमलबजावणीत दाद कोणाकडे मागायची, हे महाराष्ट्रातील रुग्णाला सांगता येते. दिल्लीतील रुग्णाला ते बराच काळ सांगता आले नाही.

२००७ नंतर दिल्लीत परिस्थिती बदलली नाही असे नाही. पात्र रुग्णांना पाठविण्याची पद्धत बसली, आणि रुग्णालयांत त्यासाठी जबाबदार अधिकारी नेमले गेले. २०१६ मध्ये दिल्ली सरकारने पाच रुग्णालयांना, गरिबांना उपचार न दिल्याने झालेल्या अनुचित नफ्यापोटी, एकूण सुमारे ६०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. मात्र या व्यवस्थेचा लाभ घेण्यासाठी रुग्णाला प्रथम आपली निर्धनता कागदावर सिद्ध करावी लागते. बांधकामावरील मजूर, घरकाम करणारी स्त्री, नुकताच शहरात आलेला स्थलांतरित यांच्याकडे आजार असतो. कागद असतोच असे नाही. शिवाय दिल्लीतील जमिनीवर आधारलेली ही अट दिल्लीच्या सीमेपर्यंतच पोचते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील गुडगाव, नोएडा, फरीदाबाद येथे मोठी रुग्णालये उभी आहेत. तेथील जमीन वेगळ्या राज्यांची आणि वेगळ्या अटींची. रोग आणि रुग्ण मात्र सीमा ओलांडून ये-जा करीत असतात.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, साथीनंतर शासन ज्या गोष्टीला उत्तर देते ती साथीच्या कारणाचा एक भागच असते. १९५५ नंतर उपशाचे ठिकाण सुरक्षित झाले, बंधारा बांधला गेला, कारभार एकवटला. परंतु ज्या वसाहतींपर्यंत नळ आणि गटार पोचले नाहीत तेथे धोका तसाच राहिला, आणि १९८८ मध्ये तो प्रकट झाला. दुसरा निष्कर्ष कसोटीविषयी आहे. १९५५ चे पाणी तत्कालीन कसोटीस उतरले होते, आणि 'मोफत खाटा'ही कागदाच्या कसोटीस उतरत होत्या. दोन्ही ठिकाणी कसोटी पूर्ण झाली आणि माणूस मात्र सुटला नाही. धोरणाची पूर्तता आणि धोरणाचा हेतू यांच्यातील हे अंतर मोजण्याची सोय धोरणातच असावी लागते.

तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा. अट लिहिणारा, ती पाळून घेणारा आणि तिच्यावाचून ज्याचे अडते तो, हे तिघे जेव्हा एकमेकांना कधीच भेटत नाहीत, तेव्हा चांगली अटही निरुपयोगी ठरते. दिल्लीत त्यांची भेट घडवून आणण्याचे काम न्यायालयाला करावे लागले. न्यायालयाचा निर्णय अट जिवंत करू शकतो. दररोज सकाळी रुग्णालयाच्या खिडकीशी उभ्या राहणाऱ्या रुग्णासाठी ती अमलात आणणे हे प्रशासनाचेच काम राहते. भोर समितीने सांगितलेल्या दोन गोष्टी, ऐपतीवर अवलंबून नसलेला उपचार आणि पाणी-निचऱ्यासह आखलेले नगर, या एकाच विचाराच्या दोन बाजू होत्या. दिल्लीच्या सहा दशकांच्या इतिहासात त्यांची फारकत झाली तेव्हा प्रत्येक वेळी तिची किंमत मोजली ती ज्यांचे नाव निर्णयाच्या कोणत्याच कागदावर नव्हते अशांनी : १९५५-५६ च्या हिवाळ्यातील गर्भवती स्त्रियांनी, १९८८ च्या पावसाळ्यातील यमुनापारच्या वसाहतवासीयांनी, आणि रिकाम्या खाटा असलेल्या रुग्णालयाच्या दारातून परत गेलेल्या अनाम रुग्णांनी. आरोग्यधोरणाचा इतिहास लिहिताना निर्णयांच्या कागदपत्रांबरोबर या अनामांची नोंद ठेवणे हे इतिहासलेखनाचेही उत्तरदायित्व आहे.